निळी वाट, लाल वाट आणि मागे जायची वाट

दिवाळीत आम्ही दोघं भावंडं सांगलीला आईकडे जमतो. ताई भूलतज्ज्ञ आहे. अतिदक्षता विभागात तिची बारा वर्षं गेली. मी सॉफ्टवेअरमध्ये. आमच्या वयांत सात वर्षांचं अंतर आहे, पण गेम खेळायचं वेड दोघांचं सारखंच. गेल्या वर्षभरात दोघांनीही ‘मास इफेक्ट’चे तिन्ही भाग आपापल्या घरी, आपापल्या पद्धतीने पुरे केले. मी माझ्या नायकाला सज्जन ठेवलं, तिने कठोर. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आई झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आमचं जे बोलणं झालं, ते पुढे देतो आहे.

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं आधी सांगायला हवं. कॅनडातल्या एडमंटन शहरातल्या बायोवेअर या कंपनीने तो बनवला. पहिला भाग २००७ मध्ये आला, दुसरा २०१० मध्ये, तिसरा २०१२ मध्ये. तिन्हींची नव्याने सजवलेली एकत्र आवृत्ती २०२१ मध्ये निघाली. काळ बाविसाव्या शतकाचा. दर पन्नास हजार वर्षांनी ‘रीपर’ नावाची महाकाय यंत्रं येतात आणि आकाशगंगेतल्या सगळ्या प्रगत जमाती पुसून टाकतात. कमांडर शेपर्ड या सैनिकाने एकमेकींच्या वैरी असलेल्या जमातींना त्यांच्याविरुद्ध एकत्र आणायचं असतं. शेपर्ड पुरुष असावा की स्त्री, तो काय बोलेल, कोणाला सोडेल, कोणाला मारेल, हे खेळणारा ठरवतो. दया, विश्वास, समेट या बाजूने गेलं की ‘पॅरागॉन’चे निळे गुण मिळतात. धाक, घाई, हिशेब या बाजूने गेलं की ‘रेनेगेड’चे लाल. दोन्हींची खाती वेगळी. एक वाढलं म्हणून दुसरं घटत नाही. आणि दोन्ही वाटांनी जाणारा शेपर्ड जग वाचवायलाच निघालेला असतो. त्यामुळे आमचा वाद चांगलं की वाईट असा नव्हता. जग वाचवायचं ठरल्यावर हात कुठवर मळू द्यायचे, असा होता.

मी : तुझ्या शेपर्डचा चेहरा बघितला मी. गालांवरच्या जखमांतून लाल उजेड येतोय. दुसऱ्या भागात जितकं कठोर वागावं तितक्या त्या जखमा उघडत जातात.

ताई : जहाजावरच्या दवाखान्यात खर्च केला की त्या मिटतात. मी मिटवल्या नाहीत. केलं ते तोंडावर दिसू दे, म्हटलं. तुझा शेपर्ड मात्र अगदी नितळ.

मी : मी शक्य तिथे निळंच निवडलं. समोरच्याला संधी द्यायची, हा माझा नियम होता.

ताई : मग तुझ्या बाजूला गर्दी आहे. बायोवेअरच्या एका माजी सिनेमॅटिक डिझायनरने २०२० मध्ये सांगितलं होतं की ९२ टक्क्यांच्या आसपास खेळाडू पॅरागॉनच राहिले. लाल वाटेवरच्या प्रसंगांसाठीही तेवढीच मेहनत घेतली होती आणि ती फार थोड्यांनी पाहिली, ही खंत त्यात होती.

मी : मला तो आकडा ऐकून बरं वाटतं. खोलीत एकटं बसून खेळताना कोणी बघत नाही, पकडलं जायची भीती नाही, तरी इतके लोक दयेकडे वळतात. माणसाबद्दल ही चांगली बातमी आहे.

ताई : मला ती तितकी चांगली वाटत नाही, कारण त्या दयेला गेमने तोटाच होऊ दिलेला नाही. रॅक्नायच्या राणीचंच बघ.

रॅक्नाय म्हणजे कीटकांसारखी एक जमात. दोन हजार वर्षांपूर्वी तिने सगळ्यांशी युद्ध केलं आणि ती नामशेष झाली, असं सगळे समजून असतात. पहिल्या भागात नोव्हेरिया या बर्फाळ ग्रहावरच्या प्रयोगशाळेत तिची शेवटची राणी काचेच्या टाकीत सापडते. ती म्हणते, मला सोडा, आम्ही दूर निघून जाऊ, पुन्हा लढणार नाही. शेपर्डसमोर दोन बटणं असतात. एकाने राणी सुटते, दुसऱ्याने टाकीत आम्ल सोडलं जातं.

मी : मी सोडली. एका जमातीचा शेवट माझ्या बोटाने व्हावा, हे मला पटेना.

ताई : तुझ्या हातात पुरावा काय होता? तिचा शब्द. पणाला काय लावलंस? कोट्यवधी जीव. आणि ते तुझे नव्हते. मला विचारशील तर ती दया नव्हती, दुसऱ्याच्या पैशाने खेळलेला जुगार होता. मी आम्ल सोडलं.

मी : पण राणीने शब्द पाळला. तिसऱ्या भागात तिची माणसं रीपरविरुद्धचं यंत्र बांधायला मदत करतात.

ताई : तेच म्हणतेय मी. लेखकाने तिला शब्द पाळायला लावला. आणि मी तिला मारलं, तर तिसऱ्या भागात रीपरांनी एक नकली राणी तयार केलेली असते. तिच्यावर विश्वास ठेवला तर ती दगा देते. म्हणजे खरी वाचवली तर बक्षीस, नकली वाचवली तर शिक्षा. तू पहिल्यांदा बटण दाबलंस त्या क्षणी तुझा निर्णय बेजबाबदार होता. तो नंतर बरोबर ठरवला गेला.

मी : निकालावरून निर्णय जोखू नये, हे मान्य. पण मग तुझाही निर्णय निकालावरून जोखता येणार नाही. समोर एक जीव आहे, तो बोलतो आहे, त्याने तुझं काहीही वाकडं केलेलं नाही. त्याच्या पूर्वजांच्या नावाने तू त्याला मारलंस.

ताई : हो. मारलं. आणि ते बरोबर होतं असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. धोका मला परवडणारा नव्हता, एवढंच म्हणते.

मी : हा वाद आपल्याकडेही झालेला आहे. १९२० मध्ये ‘यंग इंडिया’त टिळक आणि गांधी यावरच समोरासमोर आले. टिळकांचं म्हणणं, राजकारण हे संसारी माणसांचं क्षेत्र आहे, साधूंचं नव्हे; जसा समोरचा तसे आपण. गांधींचं उत्तर, शठाशीही सत्यानेच वागायचं.

ताई : मग त्या दोघांतली एक गोष्ट लक्षात घे. टिळक हे लिहीत होते तेव्हा सहा वर्षं मंडालेच्या तुरुंगात काढून आलेले होते. गांधींनीही आपल्या मताची किंमत स्वतःच्या देहाने भरली. कठोर असो की मवाळ, आपल्या मताचा भार दोघांनी स्वतः उचलला. आपल्या शेपर्डला मात्र दर संवादानंतर गुण मिळतात. चांगुलपणाचे रोखीने पैसे हातात पडले की तो चांगुलपणा राहतो का?

मी : गुणांच्या बाबतीत मी तुझ्याशी भांडणार नाही. दुसऱ्या भागात ते मलाही जाचलं. जहाजावरच्या दोन माणसांचं भांडण मिटवायचं, तर एका रंगाचे गुण भरपूर हवेत. थोडं निळं, थोडं लाल असं वागणाऱ्याला तो संवाद निवडताच येत नाही. त्यामुळे एकदा निळं धरलं की डोळे मिटून निळंच दाबायचं. प्रसंगाचा विचार मागे पडतो, खातं सांभाळणं पुढे येतं.

ताई : आणि लाल बाजूला उद्धटपणा भरून ठेवलेला. पत्रकार बाईला ठोसा मारायचा, मदत मागायला आलेल्याला हाकलून द्यायचं. कठोर माणूस कारणाशिवाय ओरडत नाही रे. मी ज्यांच्या हाताखाली शिकले ते सगळ्यात कठोर डॉक्टर सगळ्यात हळू बोलायचे. लाल वाटेवर मला पटलेली जागा दुसऱ्या भागात ओमेगा या स्थानकावर आहे. भाडोत्री सैनिकांचा एक मेकॅनिक हल्ल्यासाठी हवाई गनशिप दुरुस्त करत बसलाय. लाल खूण चमकते. दाबली, तर शेपर्ड त्याला मागून विजेचं हत्यार टोचतो. तो मेला की गनशिप अर्धवट दुरुस्त राहते आणि पुढच्या लढाईत तुझी माणसं कमी धोक्यात पडतात. त्यात राग नाही, मजा नाही. पण मरणारा तुझ्याशी साधेपणाने बोलत होता, हे विसरता येत नाही.

मी : खूण चमकली तेव्हा मीही थबकलो होतो. दाबली नाही. पण एक सांगू? गुण मोजणं हेच वाईट असं मला वाटत नाही. कसे मोजतात यावर आहे. १९८५ मध्ये रिचर्ड गॅरियटने ‘अल्टिमा फोर’ केला. त्यात मारायला कोणी मोठा खलनायकच नाही. सत्य, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, प्रतिष्ठा, अध्यात्म, नम्रता असे आठ सद्गुण अंगी बाणवून ‘अवतार’ व्हायचं. शब्दही आपल्याकडून गेलेला. त्यात जादूची सामग्री विकणारी एक आंधळी दुकानदार आहे. किती पैसे ठेवायचे हे तुझ्यावर. कमी ठेवलेस तरी ती काही म्हणत नाही, माल देते. पण गेम गुपचूप नोंद करतो आणि खूप पुढे गेल्यावर कळतं की तुझा प्रामाणिकपणा मोडला आहे.

ताई : हे आवडलं मला. बटणावर रंग नाही. ती वेळ येऊन गेली, हे वेळ गेल्यावर कळतं. वॉर्डात असंच असतं.

चहा झाला होता. ताईने दोन कप भरले आणि मला ज्या विषयावर यायचं होतं त्याच विषयावर ती आली.

ताई : आता जेनोफेज. तो या तिन्ही भागांचा जीव आहे असं मी मानते.

क्रोगन ही दणकट, लढाऊ जमात. रॅक्नायशी लढण्यासाठी सॅलेरियन या बुद्धिमान जमातीने मागासलेल्या क्रोगनांना हाताशी धरलं, शस्त्रं आणि ग्रह दिले. क्रोगनांनी युद्ध जिंकलं. मग त्यांची संख्या बेसुमार वाढली, ते इतरांच्या ग्रहांवर चाल करून जाऊ लागले. तेव्हा सॅलेरियनांनी एक जनुकीय रोग घडवला आणि ट्युरियन जमातीने तो त्यांच्यात सोडला. या जेनोफेजमुळे हजार गर्भांतला जेमतेम एक जगतो. गेमच्या काळात या गोष्टीला चौदाशेहून अधिक वर्षं झालेली असतात. तिसऱ्या भागात त्यावर उपाय सापडतो. क्रोगनांचं सैन्य हवं तर तो द्यावा लागणार. पण सॅलेरियनांची प्रमुख शेपर्डला एकट्याला गाठून सांगते की उपाय पसरवणाऱ्या मनोऱ्यात आम्ही पूर्वीच बिघाड करून ठेवलाय. तो दुरुस्त होऊ देऊ नकोस, क्रोगनांना कळणार नाही, आणि आमचं आरमार तुझं.

मी : मी उपाय दिला. क्षणभरही शंका नव्हती. जन्माला येण्याआधीच एका जमातीच्या मुलांना शिक्षा, याला दुसरं नाव नाही.

ताई : मला शंका होती. समज, घाटात एसटी दरीत गेली, चाळीस जखमी एकदम दारात आले. आम्ही रंगीत पट्ट्या बांधतो. लाल म्हणजे याला आत्ता घ्या. पिवळी म्हणजे हा थोडा थांबू शकतो. हिरवी चालत्याफिरत्याला. आणि काळी म्हणजे गेलेला, किंवा सगळं केलं तरी न वाचणारा. ती काळी पट्टी बांधणारा हात कोणाचा तरी असतो. मी बांधलेली आहे. तिथे निळ्या वाटेने जाऊन प्रत्येकाला संधी देत बसले, तर वाचणारेही जातील. म्हणून हिशेब करणाऱ्याला तू सरळ निर्दय म्हणालास की मला लागतं.

मी : तुला निर्दय कोण म्हणेल? पण ताई, ती पट्टी आणि जेनोफेज एक नाहीत. तू त्याला मारत नाहीस. माणसं, रक्त, टेबलं पुरत नाहीत म्हणून त्याच्यापर्यंत पोचू शकत नाहीस. जेनोफेज काही पुरत नव्हतं म्हणून झालं नाही, भीती वाटली म्हणून झालं. दुसरं, मला सांग, एकदा बांधलेली पट्टी तशीच राहते का?

ताई : नाही. पुन्हा पुन्हा तपासायची असते. पिवळ्याचा लाल होतो. कधी माणसं मोकळी झाली की काळ्याकडेही परत जातो आपण.

मी : आणि जेनोफेजचं काय झालं? क्रोगनांची शरीरं हळूहळू त्यावर मात करू लागली, तेव्हा सॅलेरियनांनी परत जाऊन तपासलं, आणि तो आणखी पक्का केला. एका युद्धाच्या घाईत घेतलेला निर्णय कायमचा करून टाकला.

ताई थोडा वेळ गप्प बसली.

ताई : पक्का करणाऱ्यांत मॉर्डिन होता.

मॉर्डिन सोलस हा सॅलेरियन शास्त्रज्ञ दुसऱ्या भागात शेपर्डच्या जहाजावर येतो. भरभर बोलणारा, कर्ता. ओमेगाच्या गरीब वस्तीत दवाखाना चालवणारा. आणि जेनोफेज पुन्हा बळकट करणाऱ्या पथकातला.

ताई : त्याच्यासाठी मी हा गेम खेळले म्हण. तो आपल्या कामाचं समर्थन करतो, आकडे मांडतो, आणि ते आकडे चुकीचे नसतात. पण तो दर वर्षी टुचांकाला, क्रोगनांच्या ग्रहावर, नमुने घ्यायला स्वतः जात होता. दुसऱ्या कोणाला पाठवता आलं असतं, वरिष्ठ तयारही होते. त्याने नकार दिला. आपण जे केलं ते आपल्या डोळ्यांनी बघायला हवं, म्हणून. मला हे माहीत आहे. काही नातेवाइकांशी बोलायचं काम मी ज्युनिअरवर टाकू शकते. टाकत नाही.

मी : आणि त्याचा विद्यार्थी मेलॉन?

ताई : तो उलट टोक. गुरूच्या कामाची त्याला इतकी शरम वाटली की उपाय शोधायला तो टुचांकाला गेला आणि तिथे जिवंत क्रोगनांवर प्रयोग करत सुटला. हेतू तुझा, रीत माझ्याहून भयंकर. तिथे एका क्रोगन स्त्रीचं प्रेत पडलेलं आहे. उपाय मिळावा म्हणून ती आपण होऊन आलेली. मॉर्डिन तिच्यापाशी उभा राहतो तेव्हा त्याचे आकडे पहिल्यांदा अडखळतात. शेवटी मेलॉनची सगळी माहिती समोर असते. ठेवायची की जाळायची? तू काय केलंस?

मी : ठेवली.

ताई : मी जाळली. छळ करून मिळवलेलं ज्ञान मला हातात धरवेना.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सज्जन वाटेने जाणाऱ्या मी ती मळलेली माहिती जपून ठेवली होती, आणि हिशेबाला भावनेहून वरचढ मानणाऱ्या माझ्या बहिणीने ती किळस येऊन नष्ट केली होती. आणि पुढे जे झालं ते याच निर्णयाने. तिसऱ्या भागात उपायाचा आधार असते एक क्रोगन स्त्री, जिला सगळे ‘ईव्ह’ म्हणतात. शहाणी, आपल्या लोकांना सूडापासून आवरू शकणारी. मेलॉनची माहिती राखली असेल तर ती जगते. जाळली असेल तर मरते.

मी : म्हणजे माझ्या गेममध्ये ईव्ह जगली ती छळलेल्या क्रोगनांच्या जिवावर. माझा नितळ शेपर्ड नितळ नाही.

ताई : आणि माझ्या गेममध्ये ती मेली ती माझ्या सोवळेपणामुळे. आता पुढचं ऐक. पहिल्या भागात व्हर्मायर ग्रहावर रेक्स हा क्रोगन मित्र शेपर्डवर बंदूक रोखतो, कारण आपण जो कारखाना उडवायला निघालेलो असतो तिथे त्याच्या जमातीवरचा इलाज असल्याचं त्याला कळतं. माझ्याकडून तो तिथे मेला. म्हणून तिसऱ्या भागात क्रोगनांचं पुढारपण त्याचा भाऊ रीव्ह करत होता, आणि तो उघड सूडाची भाषा बोलत होता. ईव्ह नाही, रेक्स नाही, आणि रीव्हच्या हातात अमर्याद वाढणारं सैन्य. अशा वेळी मॉर्डिनला थांबवता येतं. शब्दांनी. मी त्याला सांगितलं, आत्ता नको. त्याला पटलं. तो मनोऱ्यावर गेला नाही. जगला. क्रोगनांना फसवणूक कळली नाही, सॅलेरियनांचं आरमारही आलं. लष्करी हिशेबाने याहून चांगला शेवट नाही.

मी : आणि माझ्याकडे रेक्स जिवंत, ईव्ह जिवंत. उपाय पसरला. टुचांकावर लोक वर बघत उभे राहिले. पण बिघाड दुरुस्त करायला मॉर्डिन मनोऱ्यात चढला आणि मनोऱ्यासकट गेला. आपण केलेलं आपणच निस्तरायचं, या हट्टाने. मला वाटतं, शूर आणि कठोर यांतला फरक इथे आहे. शूर माणूस किंमत आपल्याकडून घेतो, कठोर माणूस दुसऱ्याकडून. माझ्या वाटेवर मॉर्डिनने स्वतःचा जीव दिला. तुझ्या वाटेवर न जन्मलेल्या पोरांनी दिला.

ताई : बरोबर आहे. पण किंमत मॉर्डिनने दिली. तू काय दिलंस?

मला उत्तर सुचलं नाही.

ताई : चिडू नकोस, मी स्वतःलाही हेच विचारते. माझं एक सांगायचं राहिलंय. रीव्हचा खेळ माझा दुसरा. पहिल्या खेळात रेक्स जिवंत होता. तेव्हाही मी आरमारासाठी उपाय अडवायचं ठरवलं. पण तेव्हा मॉर्डिन ऐकत नाही. तो मनोऱ्याकडे चालू लागतो, पाठ आपल्याकडे. लाल खूण चमकते. मी दाबली. शेपर्डने त्याच्या पाठीत गोळी घातली. मी लॅपटॉप बंद केला. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर आदल्या सेव्हवर गेले आणि ती गोळी झालीच नाही असं केलं. मग पूर्ण गेम पहिल्यापासून अशा रीतीने खेळले की मॉर्डिनही जगावा आणि आरमारही मिळावं. व्हर्मायरवर रेक्सला मी मुद्दाम मरू दिलं.

मी : म्हणजे तुझ्या कठोरपणाच्या मुळाशी एक मित्र वाचवायची धडपड होती.

ताई : तू त्याला छान नाव देतो आहेस. मी एका मित्राच्या जागी दुसऱ्याला ठेवलं आणि मग ते नियतीने झाल्यासारखं तुला सांगितलं. आता तू सांग. व्हर्मायरवर तुझा रेक्स पहिल्या फटक्यात वाचला होता?

मी : नाही.

ताई : मग?

मी : रेक्सला समजावायला लागणारे गुण माझ्याकडे कमी पडले. मी सगळे बंदुकीच्या कसबात घातले होते. तो माझ्या डोळ्यांदेखत पडला. मी तीन तास मागच्या सेव्हवर गेलो, त्याच्या घराण्याचं चिलखत शोधून देण्याची कामगिरी पुरी केली, आणि परत आलो. या वेळी त्याने ऐकलं.

ताई : म्हणजे तुझा सगळा शूरपणा, रेक्स, ईव्ह, टुचांकावरची ती सकाळ, त्या मागे जाण्यावर उभा आहे.

मी : हो. आणि मी ते कोणाला सांगितलेलं नव्हतं.

ताई : हे बघ, मागे जाण्याच्या दोन तऱ्हा आहेत. मॉर्डिन टुचांकाला परत जायचा, ती एक. केलेलं बघायला जाणं. आम्ही पट्टी पुन्हा तपासतो, तीही तीच. दुसरी तऱ्हा आपली, सेव्ह लोड करायची. केलेलं पुसायला जाणं. पहिल्या तऱ्हेने माणूस बदलतो. मॉर्डिन बदलला, ज्या हातांनी रोग पक्का केला त्याच हातांनी उपाय केला. दुसऱ्या तऱ्हेने फक्त गोष्ट बदलते, आपण होतो तसेच राहतो.

मी : २०१५ मध्ये टोबी फॉक्सचा ‘अंडरटेल’ आला, त्याने हीच जागा पकडली होती. सुरुवातीला जपणाऱ्या मायाळू टोरिएलला तू मारलंस आणि पश्चात्ताप होऊन मागे जाऊन तिला जिवंत सोडलंस, तर फ्लावी नावाचं फूल तुझ्या तोंडावर सांगतं की तू काय केलं होतंस ते मला ठाऊक आहे. गेमच्या लेखी ती जिवंत, पण तू तिला मारणारा राहतोसच.

ताई : त्या फुलाचं म्हणणं मला मान्य आहे. खेळणाऱ्याकडे देण्यासारखी एकच गोष्ट असते. परत न जाणं. आपली राणी, आपला रेक्स, आपली गोळी जशी झाली तशी घेऊन पुढे चालणं. निळ्यात दे नाहीतर लालात दे, पण ती दिल्याशिवाय यातलं काहीच आपलं होत नाही. वॉर्डात मला लोड करता येत नाही. करता आलं असतं तर मी चांगली डॉक्टर झाले असते असं तुला वाटतं?

तिच्या प्रश्नावर मी खूप विचार केला. ताईला मागे जाता आलं असतं तर कित्येक लोक वाचले असते, हे खरंच आहे, आणि ते मिळत असेल तर कोणीही घ्यावं. पण नातेवाइकांशी स्वतः बोलणारी, काळ्या पट्टीकडे परत जाणारी जी ताई मला माहीत आहे, ती मागे जाता न आल्यामुळेच घडली. शूर आणि कठोर या दोन वाटांबद्दलचं माझं मत त्या रात्री फारसं बदललं नाही. किंमत दुसऱ्यावर ढकलण्याआधी आपल्याकडून काय देता येईल ते बघावं, असं मी अजूनही म्हणतो. फक्त ते म्हणायचा अधिकार पुसलेल्या सेव्हवर उभं राहून मिळत नाही, हे कळलं.

भाऊबीजेला ती परत गेली. पुण्याला आल्यावर मी पहिल्यापासून खेळायला घेतलं. या वेळी एकच सेव्ह ठेवायची आणि तिच्यावरच पुढची लिहीत जायची, असं ठरवलं. पूर्वीसारखा, जसा सुचेल तसा खेळलो. गुण पुन्हा बंदुकीत गेले, चिलखताची कामगिरी राहून गेली. तीन आठवड्यांनी एका शनिवारी रात्री व्हर्मायरच्या किनाऱ्यावर उथळ पाण्यात रेक्सने बंदूक रोखली. मला सगळी वाक्यं पाठ होती, पण त्याचं मन वळवणारी ओळ निवडता येत नव्हती.

ताईला फोन लावला. ती नुकतीच ड्यूटी संपवून निघाली होती.

“काय झालं?”

“रेक्स गेला.”

पलीकडे गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. “मग?”

“पुढे खेळतोय,” मी म्हणालो.